घरच्या समुद्राचें दुखणें

घर आणि शास्त्र

या सदरांत आजवर घरांतील पुष्कळ वस्तूंचीं दुखणीं आपण तपासलीं: ओल धरणारी भिंत, मागें पडणारें घड्याळ, कीड लागणारें धान्य. या वेळीं ज्या आजाऱ्याची हकीकत सांगावयाची आहे त्याला नाडी नाहीं, वाचा नाहीं, आणि वैद्याकडे न्यावें तर त्याला घराबाहेर काढतां येत नाहीं. तो फक्त अंग आखडून घेतो. त्यावरून काय तें ओळखावयाचें. त्याची शुश्रूषा करतांना आमच्या हातून ज्या चुका झाल्या त्या येथें मोकळेपणानें लिहीत आहें. ज्यांच्या घरीं अशी टाकी आहे त्यांना त्यांचा उपयोग होईल, आणि ज्यांच्या घरीं ती नाहीं त्यांनाही एकत्र कुटुंबांतील शुश्रूषेविषयीं कांहीं विचार सुचेल.

चार वर्षांपूर्वीं आमच्या पुतण्यानें दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत कांचेची एक टाकी मांडली: चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. खडक आणि वाळू वजा जातां तिच्यांत सुमारें दोनशें लिटर खारें पाणी मावतें. पुण्याला समुद्र नाहीं. म्हणून यंत्रानें गाळून क्षारमुक्त केलेल्या पाण्यांत तयार समुद्री मीठ विरघळवून त्यानें हा समुद्र घरींच बनविला. त्यांत सहा मासे, डझनभर गोगलगाई, दोन कोळंब्या आणि मऊ प्रवाळांच्या नऊ वसाहती होत्या. हीं प्रवाळें समुद्रांतून तोडून आणलेलीं नव्हतीं. मुंबईच्या एका शौकिनाच्या टाकींत वाढलेल्या वसाहतींचीं तीं कलमें होतीं. जास्वंदीची फांदी मातींत खोंचावी आणि तिनें मूळ धरावें, तसा मऊ प्रवाळाचा तुकडा खडकाला चिकटतो आणि त्याची नवी वसाहत होते.

पुढें पुतण्या उच्च शिक्षणासाठीं जर्मनीस गेला आणि टाकीची व्यवस्था 'घरावर' पडली. एकत्र कुटुंबांत एखादें काम घरावर पडतें तेव्हां तें कोणाच एकाचें राहत नाहीं. जो तो आपापल्या परीनें त्याला हात लावतो. टाकीवर खरी माया जडली ती मात्र आमच्या मातुश्रींची. पहाटे स्नान, मग देवपूजा, आणि मग माळ घेऊन तासभर टाकीसमोर बसणें हा त्यांचा नेम झाला. सार्कोफायटन नांवाचें अळंब्याच्या आकाराचें प्रवाळ असतें, त्याला त्या 'छत्री' म्हणत. आणि आपल्या चिमुकल्या हातांची अखंड उघडझाप करणाऱ्या झीनियाला त्यांनीं 'टाळकरी' असें नांव ठेविलें होतें. चैत्राच्या अखेरीस एके सकाळीं त्यांनींच प्रथम सांगितलें, "अरे, टाळकरी थांबले."

पोवळ्याचीं भावंडें

मंगळासाठीं अंगठींत बसवितात तें तांबडें पोवळें आपल्या परिचयाचें आहे. तें भूमध्य समुद्रांतील एका प्रवाळाचा कठीण कणा असतो, हेंही पुष्कळांना ठाऊक असेल. त्या प्रवाळाच्या प्रत्येक जीवाला पिसांसारखे आठ हात असतात. आमच्या टाकींतील मऊ प्रवाळें त्याच अष्टभुज कुळांतलीं, म्हणजे पोवळ्याचीं दूरचीं भावंडें होत. फरक इतकाच कीं त्यांना कणा नाहीं. त्यांच्या मांसल अंगांत चुन्याचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात, आणि अंगांत भरून घेतलेल्या पाण्याच्या दाबावर तीं ताठ उभीं राहतात. म्हणूनच प्रकृति बिघडली कीं तीं मोडत नाहींत. तीं लुळीं पडतात, आकसतात.

एक वसाहत म्हणजे शेंकडों सूक्ष्म जीवांचें एकत्र कुटुंबच समजावें. प्रत्येकाचें तोंड निराळें, हात निराळे. परंतु अंगें एकमेकांस जोडलेलीं, आणि एकानें मिळविलेलें अन्न शेजाऱ्यापर्यंत पोंचतें. घरोघरीं पाळल्या जाणाऱ्या बहुतेक जातींच्या अंगांत एकपेशीय शैवाल वस्ती करून असतें. तें प्रकाशावर साखर तयार करतें आणि तिचा मोठा वांटा यजमानाला देतें. पाणी फार तापलें किंवा प्रकाश एकाएकी फार वाढला म्हणजे हा करार मोडतो. प्रवाळ शैवालाला बाहेर घालवितें आणि पांढरें पडतें. उष्ण वर्षीं समुद्रांतील प्रवाळभिंती पांढऱ्या पडल्याच्या वार्ता येतात, त्यांचें मुख्य कारण हेंच.

हा शौक आजचा नव्हे. १८४६ सालीं ॲना थिन् या इंग्रज बाईनें टॉर्की येथील किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळें दगडी बरणींत घालून लंडनला नेलीं आणि तीं वर्षानुवर्षें जगविलीं. त्या काळीं पंप नव्हते, विजेचे दिवे नव्हते. घरांतील मोलकरीण उघड्या खिडकीपाशीं उभी राहून तेंच पाणी या भांड्यांतून त्या भांड्यांत ओतीत असे, म्हणजे त्यांत हवा मिसळे. पुढें बाईंनीं पाण्यांत समुद्रवनस्पतीही ठेविल्या. बंद पाण्यांतील जीव जगतात ते असे कोणाच्या तरी रोजच्या हातांवर. आणि तेच हात चुकले तर मरतात तेही त्यामुळेंच. आमच्या घरीं तेंच घडलें.

खरें दुखणें आणि खोटें

प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. मऊ प्रवाळ मिटलें म्हणजे तें आजारी पडलेंच असें नाहीं. सार्कोफायटन अधूनमधून आपले सर्व हात आंत ओढून घेतें, त्याच्या अंगावर मेणासारखा तुकतुकीत पापुद्रा चढतो, आणि आठ-दहा दिवस, क्वचित् त्याहूनही अधिक काळ, तें निर्जीव कातड्यासारखें दिसतें. मग पाण्याच्या झोताबरोबर तो पापुद्रा सुटून जातो आणि त्यासरशी अंगावर बसलेली धूळ, शेवाळ सगळें निघून जातें. सापानें कात टाकावी तसाच हा प्रकार. येथें उपाय एकच: पाणी त्याच्यावरून मोकळेपणानें वाहूं द्यावें आणि स्वस्थ बसावें. नवे शौकीन याच आठवड्यांत औषधांच्या बाटल्या आणतात आणि निरोगी प्रवाळाला आजारी पाडतात.

खऱ्या दुखण्याचीं लक्षणें निराळीं. बुंधा मऊ पडून तेथें तपकिरी किंवा काळा डाग येतो, अंग फाटूं लागतें, रंग उतरतो, पाण्याला कुजका वास येतो, आणि वसाहत दिवसेंदिवस लहान होत जाते. अशा वेळीं पहिला प्रश्न हा विचारावा: दुखणें एकाचें आहे कीं सर्वांचें? एकच वसाहत खंगत असेल तर कारण तिच्या जागेंत शोधावें. प्रकाश कमी-अधिक आहे काय, पाण्याचा झोत थेट अंगावर येतो काय, एखादा मासा टोंचतो काय, शेजारच्या वसाहतीचा त्रास होतो काय, हें पाहावें. सर्वच एकदम खंगत असतील तर जागेचा दोष नव्हे. दोष पाण्यांत आहे.

आमच्या घरीं टाळकऱ्यांपाठोपाठ छत्री मिटली, आणि आठवड्याभरांत नऊच्या नऊ वसाहती आखडल्या. दोष पाण्यांत होता हें उघड होतें. परंतु तें उघड असूनही आम्हीं काय केलें पाहा.

तीन औषधें एका आठवड्यांत

मला वाटलें, प्रकाश कमी पडत असावा. मीं दिवे वाढविले. धाकट्या बंधूंनीं कोठेंतरी ऐकलें होतें कीं मऊ प्रवाळांना आयोडीन हवें असतें. त्यांनीं मला न सांगतां दोन दिवस त्याचे थेंब पाण्यांत सोडले. वहिनींनीं, म्हणजे पुतण्याच्या आईनें, टाकींतील निम्में पाणी एका दुपारीं काढून नवें भरलें. तिघांचाही हेतु चांगला होता. तिघांनींही दुसऱ्यानें काय केलें तें विचारलें नाहीं.

परिणाम असा झाला कीं प्रवाळें अधिकच आकसलीं. आणि आतां तीं मूळच्या दुखण्यानें आकसलीं कीं आमच्या औषधांनीं, हें सांगण्याची सोयच उरली नाहीं. मऊ प्रवाळाला प्रकाशांतील बदल आठवड्या-आठवड्यानें, थोडा थोडा करून द्यावा लागतो. समुद्रांत आयोडीन लिटरला सुमारें ०.०६ मिलिग्रॅम इतकेंच असतें. मोजल्यावांचून घातलेला थेंब त्याच्या कितीतरी पट होऊं शकतो. आणि निम्में पाणी एकदम बदलणें म्हणजे आजारी माणसाला रातोरात दुसऱ्या हवेंत नेऊन टाकणें होय. पुतण्याला दूरध्वनीवरून सर्व हकीकत कळविली तेव्हां तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "काका, आतां पंधरा दिवस कोणीही कांहीं घालूं नका. फक्त मोजा आणि लिहून ठेवा."

क्रमानें तपासणी

त्याच्या सांगण्याप्रमाणें आम्हीं एकेक गोष्ट तपासली. हा क्रम कोणत्याही घरीं उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न खारटपणाचा. समुद्राच्या पाण्यांत हजार भागांस सुमारें ३५ भाग क्षार असतात. टाकींतून पाणी उडून जातें, पण क्षार उडत नाहींत. म्हणून रोज उडालेल्या पाण्याच्या जागीं गोडें पाणी घालावयाचें असतें, खारें नव्हे. ही चूक करून आपला समुद्र महिनोन्महिने अधिकाधिक खारट करीत बसलेले शौकीन आहेत. मोजण्याचें साधन रिफ्रॅक्टोमीटर हें बरें. पण तेंही ३५ भागांच्या प्रमाणित द्रावणावर आधीं ताडून घ्यावें. आमचा आकडा ३६ आला. थोडा अधिक, पण जीव घेण्याइतका नव्हे.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. २५ ते २६ अंश सेल्सिअस हें मान उत्तम. वैशाखांत दुपारीं आमची टाकी २९ अंशांवर जात होती. ३० अंशांच्या वर दिवसेंदिवस राहिलें तर धोका मोठा. टाकीवर लहान पंखा लावला कीं पाणी उडण्याबरोबर उष्णताही जाते आणि तीन-चार अंशांचा उतार पडतो; मात्र पाणीही अधिक उडतें. पंखा आमच्याकडे फाल्गुनापासूनच चालूं होता आणि दिवसाला सुमारें चार लिटर पाणी उडत होतें.

तिसरा प्रश्न अल्कलिनिटीचा, म्हणजे पाण्याच्या आम्ल पचविण्याच्या शक्तीचा. समुद्रांत ती सुमारें ७ जर्मन अंश असते. टाकींत ७ ते ९ असावी, आणि मुख्य म्हणजे आज सात, उद्यां दहा, असे हेलकावे तिनें खाऊं नयेत. आमची ८ होती.

चौथा प्रश्न खताचा. माशांच्या मलापासून पाण्यांत नायट्रेट व फॉस्फेट सांचतें. तें फार झालें तर शेवाळ माजतें, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु तें अगदीं शून्य झालें तर मऊ प्रवाळें उपाशी राहून आकसतात, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. अति स्वच्छ पाणी हेंही त्यांचें दुखणें होऊं शकतें. आमचे दोनही आकडे मध्यम होते.

पांचवा प्रश्न शेजारधर्माचा. मऊ प्रवाळ दिसावयास गरीब. पण सार्कोफायटन, सिन्युलेरिया यांसारख्या जाती टर्पीन वर्गांतील कडू द्रव्यें पाण्यांत सोडून शेजाऱ्याची वाढ खुंटवितात. १९८० नंतरच्या दशकांत ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं ग्रेट बॅरियर रीफवर दाखवून दिलें कीं अशीं मऊ प्रवाळें प्रत्यक्ष स्पर्श न करतांही जवळच्या कठीण प्रवाळांस अपाय करतात. समुद्रांत हें विष लाटांबरोबर वाहून जातें; दोनशें लिटरांच्या टाकींत तें जाणार कोठें? यावर उपाय म्हणजे सक्रिय कोळसा, दर महिन्यास बदललेला. आमचा कोळसा चार महिन्यांचा जुना निघाला. तो बदलला, थोडा उठाव दिसला, पण दुखणें हटलें नाहीं.

याखेरीज डास मारण्याचा फवारा, फरशी पुसण्याचें औषध, पंपाच्या चुंबकाला चढलेला गंज, हीं कारणेंही आम्हीं एकेक पाहून खोडलीं. पंधरा दिवसांचे आकडे वहींत मांडले गेले आणि त्यांत मृत्यूला पुरेसें असें कारण एकही दिसेना.

गोगलगाईंची साक्ष

वही चाळतांना आमच्या सौभाग्यवतींनीं दोन गोष्टींकडे लक्ष वेधलें. पहिली ही कीं, होळीच्या सुमारास, म्हणजे टाळकरी थांबण्याच्या महिनाभर आधीं, गोगलगाई कांचेवरून गळून पडूं लागल्या होत्या आणि दोनही कोळंब्या कात टाकतांना मेल्या होत्या. म्हाताऱ्या झाल्या असतील म्हणून आम्हीं तें मनावर घेतलें नव्हतें. मासे मात्र पहिल्यासारखेच खातपीत होते.

गोगलगाय मरते, कोळंबी मरते, प्रवाळ आकसतें आणि मासा जगतो: या चार गोष्टी एकत्र दिसल्या कीं ज्या एका पदार्थाचा संशय प्रथम घ्यावा तो म्हणजे तांबें. समुद्री माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला तर त्यांना निराळ्या टाकींत ठेवून पाण्यांत लिटरला ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम तांबें कांहीं आठवडे राखतात. मासा त्यांतून बरा होऊन निघतो. पृष्ठवंशहीन प्राणी त्यांत टिकत नाहींत. गंमत अशी कीं कोळंबीच्या आणि पुष्कळ गोगलगाईंच्या रक्तांत प्राणवायु वाहणारें द्रव्य तांब्याचेंच असतें. पण अंगाला लागणारी वस्तु तोलाबाहेर गेली कीं तीच घात करते.

दुसरी गोष्ट आणखी चमत्कारिक होती. उडालेल्या पाण्याच्या जागीं गोडें पाणी आपोआप सोडणारें एक लहानसें यंत्र पुतण्यानें बसविलें होतें. त्याची मोटर जळलेली आढळली, आणि त्याचा पाण्याचा डबा तर महिनोन्महिने तसाच भरलेला होता. मग रोजचें चार लिटर पाणी टाकींत येत होतें कोठून? खारटपणा अवघा ३६ वर कसा राहिला होता?

कळशी

उत्तर देवघराच्या दारांतच होतें. महाशिवरात्रीच्या सुमारास पाण्याची रेषा उतरलेली मातुश्रींना दिसली. तेव्हांपासून रोज सकाळीं माळ हातीं घेण्यापूर्वीं त्या अर्धी कळशी पाणी टाकींत घालीत होत्या. नातवाची सूचना त्यांनीं तंतोतंत पाळली होती: नळाचें पाणी नको, यंत्रानें गाळलेलेंच पाणी हवें. फक्त तें पाणी त्या आदल्या रात्रीं तांब्याच्या कळशींत भरून ठेवीत. देवाला तेंच, घरच्यांना प्यावयास तेंच, मग या मुक्या जीवांना तरी दुसरें कां?

पिण्यासाठीं त्या पाण्यांत कांहींही वावगें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें पिण्याच्या पाण्यांतील तांब्याची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम सांगितली आहे, आणि कळशींतील रात्रभराचें पाणी सहसा तिच्या पुष्कळ आंत असतें. समजा, तें मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याइतकें, म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. रोज चार लिटर घातले तर टाकींत ०.८ मिलिग्रॅम तांबें गेलें. पाणी उडालें, तांबें मागें राहिलें. महिन्याचे झाले २४ मिलिग्रॅम. दोनशें लिटरांत वांटले तर लिटरला ०.१२. दुसऱ्या महिन्याअखेर हा आकडा माशांच्या औषधापर्यंत जाऊन पोंचतो. कांहीं तांबें खडक आणि वाळू शोषून घेतात हें खरें, पण तेंही नाहींसें होत नाहीं. तेथें दबून बसतें. शिवाय क्षारमुक्त पाणी धातूला साध्या पाण्याहून अधिक झोंबतें. प्रयोगशाळेकडे पाठविलेल्या नमुन्याचा निकाल आला तेव्हां तांबें समुद्राच्या पाण्यांत असतें त्याच्या कितीतरी पट निघालें.

आतां प्रश्न शास्त्राचा राहिला नव्हता. त्या रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं माडीवर बसून खल केला. धाकटे बंधू म्हणाले, आईला सांगूं नये. यंत्र दुरुस्त करावें आणि कळशी हळूच माळ्यावर ठेवून द्यावी. या वयांत तिला हें ओझें कशाला? मलाही क्षणभर तें पटलें. वहिनी म्हणाल्या, "त्यांना रोज समोर बसून मरतांना पाहायचंय तें. कशानें मरतंय हें सगळ्या घराला ठाऊक आणि त्यांनाच नाहीं, हें मला बरं दिसत नाहीं. शिवाय कळशी लपवाल, उद्यां त्या तांब्या घेतील." या बोलण्यावर कोणापाशीं उत्तर नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं मातुश्रींना सर्व सांगितलें, आकड्यांसह. त्या बराच वेळ टाकीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या हातून झालं." मीं कांहीं समजुतीचें बोलावयास गेलों तों त्यांनीं हातानेंच थांबविलें. "मी विचारलं नाहीं हें चुकलंच माझं. पण तुम्हीही एकेकानं औषधं घातलींत, तीं कुठं विचारून घातलींत?" आणि थोड्या वेळानें: "बरं, आतां पाणी कशानं घालूं तें सांग."

उतार

पुढील उपचार सांगावयास सोपे, करावयास कंटाळवाणे. तांबें येण्याचा मार्ग बंद केला. गोडें पाणी खाद्यपदार्थांच्या प्लॅस्टिकच्या भांड्यांतून घालूं लागलों. सक्रिय कोळसा नवा ठेविला आणि त्याच्या जोडीला तांबें शोषून घेणारें रेझिन. ज्येष्ठ महिन्यांत दर चार दिवसांनीं दहावा हिस्सा पाणी बदललें, पुढें आठवड्यानें एकदां. नवें पाणी आदल्या दिवशीं मिसळून, खारटपणा व उष्णता टाकीशीं जुळवून मगच घातलें. दिवे पूर्वीच्या मानावर आणले. वसाहती जागच्या जागीं राहूं दिल्या. खडकांत दबलेलें तांबें हळूहळू सुटत असतें, म्हणून हा क्रम एका महिन्यांत संपत नाहीं; आम्हीं तो भाद्रपदापर्यंत चालविला.

सर्व वांचलें असें नाहीं. झीनियाच्या दोन्ही वसाहती चार दिवसांत विरघळल्यासारख्या नाहींशा झाल्या. ती जात अशीच जाते. सिन्युलेरियाची एक वसाहत बुंध्यापासून कुजली. छत्रीचा माथा काळा पडूं लागला तेव्हां पुतण्यानें धारदार पात्यानें तो निरोगी भागापर्यंत कापावयास सांगितलें; सडका भाग राहिला तर उरलेलेंही जातें. हातमोजे घालून वहिनींनीं तें केलें. खडकावर नुसता ठोकळा उरला. भाद्रपदांत आम्हीं परीक्षा म्हणून दोन गोगलगाई सोडल्या, त्या जगल्या. आश्विनांत ठोकळ्याच्या कडेनें बारीक फुटवे दिसले आणि कार्तिकांत त्याला रुपयाएवढा नवा माथा आला. टाळकरी परत आले नाहींत. ती जागा मातुश्रींनीं अजून रिकामी ठेवावयास सांगितली आहे.

वाचकांसाठीं दोन सूचना सांगितल्यावांचून हें संपवितां येत नाहीं. मऊ प्रवाळांच्या जोडीला बटणांच्या आकाराचीं पॅलिथोआ जातीचीं प्रवाळें पुष्कळ ठेवतात. त्यांच्यांतील कांहींत पॅलिटॉक्सिन नांवाचें अत्यंत जहाल विष असतें. १९७१ सालीं हवाई येथें मूर व शॉयर या शास्त्रज्ञांनीं तें प्रथम वेगळें काढलें. तेव्हां असा खडक स्वच्छ करण्यासाठीं कधींही उकळूं नये, त्यावर गरम पाणी ओतूं नये. वाफेबरोबर विष श्वासांत जाऊन सबंध घर आजारी पडूं शकतें. हातमोजे आणि चष्मा घातल्यावांचून त्याला हात लावूं नये, आणि मुलांना दूर ठेवावें. दुसरी सूचना कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं कठीण प्रवाळें, काळें प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्रपंखे यांचा समावेश झाला. मालवणच्या किनाऱ्यावर गेलां असतां आठवण म्हणूनही खडकावरचा तुकडा उचलून आणूं नये.

आमच्या दिवाणखान्यांत टाकीशेजारीं आतां एक वही आणि पेन्सिल टांगलेली आहे. पाण्यांत जें जें पडेल तें तारखेसह तींत लिहावयाचें, मग तें माशांचें खाद्य असो, औषध असो कीं नुसतें पाणी. आणि लिहिण्यापूर्वीं मागचें पान वाचावयाचें. वही मातुश्रींच्या ताब्यांत आहे. त्यांच्या वळणदार अक्षरांत रोजच्या पाण्याचें माप असतें, आणि त्याखालीं बहुतेक दिवशीं एकच ओळ असते: "आज याखेरीज कांहीं घातलें नाहीं." टाकीच्या प्रकृतीला याहून चांगलें पथ्य मला माहीत नाहीं.

पुढील अंकीं कांचेच्या बरणींतील लोणच्याला बुरशी कां येते, या एका भगिनीच्या प्रश्नाचा विचार करूं.